गोदी बघूक कोण येता?

मामाने बोटांची पेरं मोजली आणि म्हणाला, "उद्या तृतीया. तीन त्रिक नऊ, त्याचो चौथो भाग सव्वादोन. म्हणजे भरती सव्वादोनाक. सकाळी आठाच्या सुमाराक पाणी तळाक जातला. तेवाच जाऊया."

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. दिवसभर विजयदुर्ग पाहून मी नुकतीच परतले होते आणि खळ्यात बसून त्याला मोबाइलमधले फोटो दाखवत होते. तट, बुरूज, तोफांची भोकं, समुद्र, पुन्हा तट. त्याने चष्मा कपाळावर चढवून सगळे फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "आणि गोदी?" गोदीकडे गेलेच नाही, असं मी सांगितलं. मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "किल्लो बघूक सगळे येतत बाय. गोदी बघूक कोण येता?"

वाघोटणच्या खाडीकाठी माझं आजोळ. लहानपणापासून आठ-दहा वेळा तरी मी विजयदुर्ग पाहिला असेल. शाळेत असताना मावसभावंडांबरोबर, मग कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन, मग लग्नानंतर. गिर्ये तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तिथली आंग्र्यांच्या जहाजांची जुनी गोदी मी एकदाही पाहिली नव्हती. मामाच्या त्या प्रश्नाने रात्री मला खरोखर लाज वाटली.

किल्ल्याबद्दल आधी सांगते, कारण त्याच्यावर माझा जीव आहे. देवगड तालुक्यात, वाघोटण नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, जमिनीची एक जीभ पाण्यात शिरली आहे. तिच्या टोकावर हा किल्ला. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला एके काळी खंदक होता. तो बुजला आणि आता गावातून थेट पायी जाता येतं. शिलाहार राजा भोजाच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीला, इथे पहिला कोट उभा राहिला असं मानतात. पुढे तो आदिलशाहीत गेला. १६५३ च्या सुमाराला शिवाजी महाराजांनी घेतला, त्याचं नाव विजयदुर्ग ठेवलं आणि तिहेरी तटबंदीने तो आवळून घेतला. इंग्रजांच्या कागदांत मात्र त्याचं नाव 'घेरिया'. गिर्ये गावाचंच नाव साहेबाच्या जिभेवर असं वळलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

बाहेरच्या तटातून वळण घेत, मारुतीला नमस्कार करून आत गेलं की दरवाजा एकदम समोर येतो. तो दुरून दिसत नाही. हत्तीला धडक द्यायला धाव मिळू नये, तोफेला सरळ नेम धरता येऊ नये, म्हणून वाटच मोडून घातलेली. आत गेल्यावर लोक भराभरा वर चढतात. मी मात्र समुद्राकडच्या तटापाशी रेंगाळते. तिथे भिंतीला हात लावून बघावा. चारशे वर्षांचा खारा वारा दगडाला खात आला आहे. चिऱ्याच्या पोटात खळगे पडलेत, इतके खोल की माझी चार बोटं त्यात बसली. पण दोन चिऱ्यांमधला चुना तसाच उभा आहे. दगड झिजून मागे सरकला आणि सांधा पुढे राहिला. मधमाश्यांच्या पोळ्याची चौकट असावी तसा सगळा तट दिसतो. ज्या चुन्यात दगड बसवले तो दगडापेक्षा चिवट निघाला. तो मळणारे हात कुणाचे होते ते कुठल्याही बखरीत नाही.

तरीही समुद्र थांबलेला नाही. २०२० च्या ऑगस्टमधल्या पावसात तटबंदीचा एक भाग ढासळला, तेव्हा ते फोटो बघून मामीने जेवण टाकलं होतं. घरातलं माणूस पडावं तसं झालं होतं आम्हाला. आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गाबरोबर विजयदुर्गाचंही नाव आलं, त्या दिवशी याच खळ्यात पेढे वाटले गेले.

किल्ल्यावर ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या मला तोंडपाठ आहेत. पाण्याखालची भिंत ही त्यातली पहिली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शोधात किल्ल्याजवळ पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंतीसारखी दगडी रचना आढळली, आणि शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची अशी कथा तिला चिकटली. दुसरी गोष्ट हेलियमची. वर 'साहेबाचे ओटे' आहेत. तिथून १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम शोधला, असं सांगतात. १८ ऑगस्टला त्या निमित्ताने इथे कार्यक्रमही होतो. मी लहानपणी ही गोष्ट छाती फुगवून वर्गात सांगितली होती. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्या ग्रहणाचं जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलेलं निरीक्षण गुंटूरमधलं. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ लॉकियरनी ऑक्टोबरात घरच्याच दुर्बिणीतून पाहिली. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मेल्पोमेनी नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं. फक्त साल आणि शोध एकमेकांत मिसळले. खरी हकीकत मला कमी मोलाची वाटत नाही. हेलियमला नाव देणारा माणूस उतारवयात इतक्या लांब येऊन या बुरुजांवर सूर्याची वाट पाहत उभा राहिला, हे मुलांना सांगायला पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट कान्होजी आंग्रे यांची, आणि ती सोळा आणे खरी. कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांच्या काळात, १७१७ साली, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने या किल्ल्यावर आरमार पाठवलं. ते हात हलवत परत गेलं. १७२० मध्ये इंग्रज पुन्हा आले, या वेळी खास मुंबईत बांधलेला तरंगता तोफखाना घेऊन. तोही कामी आला नाही. १७२४ मध्ये डचांनी नशीब आजमावलं. त्यांनाही किल्ला मिळाला नाही. वाटाडे हे इतकं रंगवून सांगतात की अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा.

पण इथे गोष्ट थांबते. दर वेळी इथेच थांबते. सगळे पुन्हा समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात आणि खाली उतरतात.

सकाळी साडेसातला आम्ही निघालो. मामाने हाफ पँट घातली होती आणि हातात बांबूची काठी घेतली होती. वाटेत गिर्येच्या रामेश्वराचं दर्शन घेतलं. हे देऊळ डोंगराच्या कुशीत खाली आहे आणि तिथे उतरायला जांभा कापून वाट काढली आहे. दोन्ही बाजूंना उभ्या कातळाच्या भिंती, त्यातून थंड हवा येते. आवारात कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७९१ साल आहे. ती पोर्तुगीज जहाजावरून आलेली, असं इथले सांगतात. मामाने ती वाजवली नाही, नुसता तळहात टेकवला. "हिचो आवाज पयल्यांदा दर्यात झालो," एवढंच म्हणाला.

तिथून खाडीकडे उतरलो. वाट अशी नाही. करवंदीची जाळी, आंब्याची कलमं, मग खाजण. चिखल पायाला घोट्यापर्यंत धरतो आणि मग सोडायला तयार नसतो. आणि मग समोर ती.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा नजरेला काहीच सापडलं नाही. चिखलाने भरलेलं एक मोठं मैदान, त्याला कडेने दगडाची किनार. मामाने काठीने एक एक कड दाखवली तेव्हा आकार उमटू लागला. अर्धी बाजू कातळात खोदलेली, अर्धी बांधून काढलेली, खाडीकडे तोंड. जुन्या मोजमापात ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. म्हणजे आमच्या गावची शाळा, तिचं मैदान आणि शेजारची दोन घरं सहज आत मावतील. गाळाने उथळ झालीय, पण रेघ अजून सरळ आहे. खोदलेल्या बाजूला मी खाली बसले आणि कातळ पाहिला. छिन्नीचे घाव दिसतात. तिरके, एका हाताचे, जवळजवळ. मधे मधे कालवं चिकटलेली आणि एक चिंबोरी माझी सावली पडताच कपारीत मागे सरकली.

मामाने मला सगळं समजावलं, आणि त्याचं समजावणं पुस्तकी नव्हतं. त्याच्या वडिलांचा मचवा होता. पावसाआधी तो किनाऱ्यावर ओढून घ्यायचे, बुडाची कालवं खरवडून काढायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरायची, वरून तेल पाजायचं आणि झापांनी शाकारून ठेवायचा. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात. एका मचव्याला वाडीतली वीस माणसं लागत. "मगे ज्येच्यार तोफा असत ता जहाज वर कसा ओढशात?" त्याने विचारलं. मोठं जहाज वाळूवर ओढता येत नाही. समुद्रातला किडा लाकूड आतून पोखरतो, बुडाला कालवं धरली की जहाज जड होतं, वाऱ्यावर चालत नाही. म्हणून गोदी. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी जाऊ द्यायचं, तोंड बंद करायचं, की जहाज कोरड्यात. चंद्राच्या ताकदीने जहाज उचलायचं आणि खाली ठेवायचं. त्याच पिढीत, १७५० च्या सुमाराला, मुंबईत इंग्रजांसाठी लवजी नुसरवानजी वाडिया सुकी गोदी बांधत होते. तीच विद्या इथेही होती, आपल्याच सुतारांच्या हातात. हे मला कुणी शाळेत का सांगितलं नाही, याचं त्या चिखलात उभं राहून फार वाईट वाटलं.

आणि जागाही किती विचाराने निवडलेली. वाघोटणचं मुख खोल आहे, तोंडावर वाळूचा बांध नाही, पावसाळ्यातही जहाज आत घेता येतं. मुखावर किल्ला, आणि किल्ल्याच्या पाठीशी दोनएक मैल आत गोदी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी किल्ला उलटा पाहत होते. तट बघायला येतात तो तट या चिखलातल्या जागेचं दार होता. घर इथे होतं. सरखेलांना मान होता तो भिंतींमुळे नव्हता, या गोदीतून बाहेर पडणाऱ्या गुराबा आणि गलबतांमुळे होता.

गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज, दोनडोली दीडशे टनांच्या आसपासची, तीनडोली तीनशेपर्यंत. मधे रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पुढे तोंड करून रोखलेल्या तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचं उंच शिडांचं जहाज जागच्या जागी डुलत राही. अशा वेळी गलबतं गुराबांना दोर लावून वल्ह्यांनी ओढत आणीत, ती नेमकी शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग करण्याची सोय नव्हती. हा दर्या, हा वारा, ही खाडी यांच्या मापाने बेतलेली जहाजं होती ती.

ही जहाजं गेली कुठे, ते आता सांगते. किल्ल्यावर हे कुणी सांगत नाही.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. मुलांत भाऊबंदकी झाली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली: कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे. संभाजींच्या नंतर इथे तुळाजी आंग्रे आले. तुळाजी शूर होते, आणि कुणाचं न ऐकणारे होते. इंग्रज, डच, पोर्तुगीज, सगळ्यांची जहाजं त्यांनी धरली. पेशव्यांचाही हुकूम मानला नाही, शेजारच्या मराठी मुलखालाही त्रास दिला. पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती, हे मान्य करावंच लागेल. पण तुळाजींना आवरण्यासाठी नानासाहेब पेशव्यांच्या सरकारने १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या इंग्रजांशी तह केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचं आरमार या खाडीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. केंट, कंबरलँड, टायगर, सॉल्सबरी. इंग्लंडच्या राजाची जहाजं, बरोबर ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं, आणि जमिनीवर उतरायच्या फौजेचा मुख्य रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. तुळाजी बोलणी करायला मराठी छावणीत गेले आणि तिथेच अडकले. उरलेलं आयुष्य त्यांनी कैदेत काढलं.

१२ फेब्रुवारीला दुपारी तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याजवळ एकीला एक बांधून उभ्या होत्या. त्यांत रिस्टोरेशन नावाचं एक जहाज होतं, पूर्वी कंपनीकडूनच पकडून आणलेलं. एक पेटता गोळा त्याच्यावर पडला. त्याने पेट घेतला, दोर जळाले, शेजारची पेटली, मग तिच्या शेजारची. साग, राळ, तेल, दारूगोळा. संध्याकाळपर्यंत सगळं आरमार जळालं. बांधणी चालू असलेली, अजून पाणीही न लागलेली जहाजंसुद्धा जळाली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सुमारे दहा लाखांची लूट मिळाली, ती इंग्रजांनी वाटून घेतली. किल्लाही लगेच सोडला नाही. ऑक्टोबरात पुण्यात तह झाला, इंग्रजांना बाणकोट मिळालं, तेव्हा कुठे विजयदुर्ग परत आला. रिकामा.

वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे गेले. वर्षभरातच ते बंगालमध्ये होते. केंट, टायगर, सॉल्सबरी याच जहाजांनी १७५७ च्या मार्चमध्ये फ्रेंचांच्या चंद्रनगरवर तोफा डागल्या, आणि जूनमध्ये प्लासी झाली. आपल्या खाडीत त्यांना पहिली वाट करून मिळाली, असं मला वाटतं. आणि ती वाट आपण दिली. तटाने हार खाल्ली नव्हती, तट आजही उभा आहे. जळालं ते आरमार, आणि ते कुणाचंही म्हटलं तरी मराठ्यांचंच होतं. हे सांगताना तोंड कडू होतं, म्हणून आपण १७२४ ला थांबतो. पण मला ही आग मुलांना सांगायची आहे, लॉकियरच्या ग्रहणाइतकीच नीट, सालासकट.

पुढचंही सांगायचं आहे, कारण गोदी त्या दिवशी मेली नाही. पेशव्यांना आरमाराची गरज कळली आणि इथेच पुन्हा सुभा बसला. धुळपांच्या हाती तो आला. आनंदराव धुळपांच्या आरमाराने १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीच्या बाजूला इंग्रजांचं रेंजर जहाज लढून पकडलं. त्यांचा वाडा अजून विजयदुर्ग गावात आहे. याच चिखलात पुन्हा साग उतरला, पुन्हा सांध्यांत कापूस भरला गेला. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि मग गाळाने आपलं काम सुरू केलं.

मी हे सगळं मामाला सांगत होते, आणि तो ऐकत होता. सालं त्याला माहीत नव्हती, आग माहीत होती. "आजो सांगी," तो म्हणाला. "त्याका त्याच्या आज्यान सांगलेला. खाडी पेटलेली म्हणून." यापुढे त्याच्याकडे काही नव्हतं. एवढंच, खाडी पेटलेली.

मी त्याला विचारलं, जहाज आत घेताना पाणी कुठपर्यंत येत असेल? तो उठला, कातळाच्या कडेने दहा पावलं गेला आणि काठीने एक जागा दाखवली. त्याखाली दगड काळा होता आणि कालवांनी भरलेला, वर तांबडा आणि कोरडा. रेघ इतकी सरळ होती की कुणी ओळंबा लावून आखली असावी. मी त्या रेघेवर हात ठेवला. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होती.

साडेनऊ झाले असतील. चिखलावरच्या बारक्या ओहळांत पाणी मागे वळू लागलं होतं. आवाज नव्हता, फक्त चिंबोऱ्यांची बिळं एकेक करून बुडबुडत होती. आम्ही आलो त्या पावलांच्या खुणांत पाणी भरलं. मग खुणा दिसेनाशा झाल्या. मी अजून रेघेकडेच बघत होते.

"चल गो बाय," मामा काठी टेकत म्हणाला, "वाट बुडतली आता."